विचारा की, राजेहो : आबाजी नुसतं ‘गरम होतं’ म्हणतात

डिसेंबर आला की माझ्याकडे येणारी निम्मी पत्रं ७१च्या युद्धाची असतात. ४ तारखेला नौदल दिन, १६ला विजय दिवस, आणि नागपुरात घरटी नाही म्हटलं तरी गल्लीला एक तरी माणूस निघतोच जो तेव्हा वर्दीत होता. यंदा पाच पत्रं घेतली आहेत. आधी सांगून टाकतो, मी स्वतः युद्ध पाहिलेलं नाही. मी १९७४ला एअरफोर्समध्ये लागलो, बंगळुरूच्या जालहळ्ळीला ट्रेनिंग केलं आणि पुढची वीस वर्षं विमानाच्या पोटाखाली पाने घेऊन लोळलो. पण माझे सीनियर सगळे ७१चे होते, आणि नाइट शिफ्टला रात्री दोन वाजता माणूस जे बोलतो ते दिवसा नाही बोलत. नौदलाचं ज्ञान मात्र उधारीचं आहे, फुटाळा तलावावर सकाळी फिरायला येणाऱ्या रिटायर्ड दोस्तांकडून घेतलेलं.

एक वाचक, मानेवाडा : माझे आजेसासरे ७१ला आयएनएस विक्रांतवर होते, इंजिनकडे. दर ४ डिसेंबरला पोट्टे त्यांना घेरतात, आबाजी युद्धाचं सांगा ना. ते म्हणतात, ‘गरम होतं.’ बस एवढंच. मागच्या वर्षी मुलाने मोबाइलवर विक्रांतचा व्हिडिओ लावून दाखवला तर म्हणाले ‘ही ती नव्हे’, आणि उठून टीव्ही लावला. आता घरातलेच काही लोक म्हणायला लागलेत की यांना काही आठवत नाही, नाहीतर हे तिथे नव्हतेच. काय करावं?

ताई, आबाजी दोन्ही वेळा शंभर टक्के खरं बोलले. मुलाने जो व्हिडिओ दाखवला तो नव्या विक्रांतचा असणार, ती २ सप्टेंबर २०२२ला कोचीला नौदलात आली. आबाजींची विक्रांत १९६१ची, ती १९९७ला निवृत्त झाली, मग बरीच वर्षं मुंबईला म्युझियम म्हणून उभी होती आणि २०१४ला ती तोडली. तिचं थोडं लोखंड बजाजच्या व्ही नावाच्या मोटरसायकलमध्ये गेलं, गल्लीत कोणाकडे ती गाडी असेल तर आबाजींना एकदा दाखवा, बघा काय म्हणतात.

आता गरम. हे नीट ऐका कारण सगळी गोष्ट तिथेच आहे. ७१च्या आधी विक्रांतच्या बॉयलरांच्या वॉटर ड्रमला तडे गेले होते, वेल्डिंग करून भागण्यासारखे नव्हते, नवे ड्रम इंग्लंडहून मागवायचे होते आणि ते काही वेळेत येणार नव्हते. जहाज बरेच महिने बंद होतं. शेवटी ठरलं की बॉयलर कमी दाबावर चालवायचे, म्हणजे वेगही कमी, पूर्ण ताकदीवर जे जहाज २४ नॉटच्या वर जायचं ते आता १४-१५च्या आसपास. आणि अशा जहाजाला बंगालच्या उपसागरात युद्धाला पाठवलं. विमानवाहू नौकेला वेग काहून लागतो तर समोरून वारा पाहिजे, जहाज वाऱ्याच्या तोंडावर पळतं तेव्हा डेकवरून विमानाला उचल मिळते. वेग नाही तर देवाने दिलेल्या वाऱ्यावर भागवा. त्यात आणखी एक गंमत, विमान फेकणारं जे कॅटापुल्ट असतं ते पण वाफेवरच चालतं, म्हणजे ज्या वाफेवर जहाज चाललंय त्याच वाफेतून विमानासाठी वाफ काढायची. फुटाळ्यावरचा माझा एक दोस्त, जुना स्टोकर, म्हणजे बॉयलर सांभाळणारा, तो सांगतो की आम्ही खाली बसून मोजायचो, वाफेच्या दाबाचा काटा खाली आला की समजायचं वर एक सी हॉक विमान गेलं. ४ डिसेंबरला पूर्व पाकिस्तानातल्या कॉक्स बाजारवर हल्ला झाला, नंतर चितगाव, खुलना, मोंगला, जगाने हे सगळं वरून पाहिलं, खाली बॉयलरजवळच्यांनी काट्यावर पाहिलं.

आणि ती खोली. आपल्या नागपूरकराला नवतपा समजावून सांगावा लागत नाही, पण नवतप्यात तुम्ही कूलरसमोर तरी बसता ना, इथे समोर भट्टी आहे, आणि ती भट्टी तडा गेलेली आहे हे तुम्हाला माहीत आहे. चार तास उभं राहायचं, कान त्या आवाजाकडे, डोळे काट्याकडे. बॉयलर फुटला तर काय होईल हे बोलायचं नाही. मग विचारा, या माणसाने युद्धाबद्दल ‘गरम होतं’ याच्याशिवाय दुसरं काय सांगावं? त्याने शत्रू पाहिला नाही, समुद्र पण पाहिला नाही धड. आपणच टीव्ही पाहून पाहून असं धरून चाललोय की युद्ध म्हणजे कोणीतरी धावतंय आणि मागे स्फोट होतोय.

तर ‘युद्धाचं सांगा’ हा प्रश्नच काढून टाका. आबाजींना विचारा तुमचा वॉच, म्हणजे ड्यूटीची पाळी, कोणता असायचा, मिडल वॉच का, म्हणजे रात्री १२ ते ४चा. बाजूला कोण उभं राहायचं. पाणी कुठून प्यायचे. अंगावर काय घालायचे. ड्यूटी संपली की हवा खायला वर जाऊ द्यायचे का. मेसमध्ये पोळी मिळायची का भातच. आणि तो काटा कितीवर असला की बरं वाटायचं, हे तर विचाराच, मी पैज लावतो आकडा तोंडपाठ असेल. एकाच दिवशी सगळं विचारू नका. आणि पोट्ट्यांचा घेराव बंद करा, एकाच नातवाला बसवा, त्यातल्या त्यात गप्प बसणाऱ्याला.

एक वाचक, खामला : बाबा ७१ला श्रीनगरला नॅट विमानांच्या ग्राउंड क्रूमध्ये होते. ते लहानपणापासून आम्हाला सांगत आले की १६ डिसेंबरला सकाळी पाकिस्तानची विमानं आली आणि फ्लाइंग ऑफिसर सेखों त्यांच्या डोळ्यांसमोर धावपट्टीवर बॉम्ब पडत असताना उडाले. मागच्या महिन्यात एका लग्नात माझ्या चुलतभावाने सगळ्यांसमोर मोबाइल काढला आणि म्हणाला, काका, गूगल १४ तारीख सांगतंय. बाबा हसले पण तेव्हापासून तो विषयच काढत नाहीत. आम्ही काय समजायचं?

चुलतभावाला माझ्याकडे पाठवा, तर्री पोहे खाऊ घालतो आणि दोन गोष्टी सांगतो.

तारीख १४च आहे, त्यात वाद नाही. १४ डिसेंबर १९७१, श्रीनगरवर पाकिस्तानची सहा सेबर विमानं आली होती, अठरा नंबर स्क्वाड्रनचे निर्मलजीत सिंग सेखों हल्ला चालू असतानाच नॅट घेऊन उडाले, एकट्याने त्यांच्यात घुसले, एका सेबरला गोळ्या लावल्या आणि दुसरं पेटवलं असं त्यांच्या गौरवपत्रात आहे. शेवटी संख्येपुढे ते पडले. परमवीर चक्र मिळालेले एअरफोर्सचे ते एकटेच, आजपर्यंत. आणि १६ला ढाक्यात शरणागती झाली. आता बघा तुमच्या बाबांना मागची पन्नास-एक वर्षं टीव्ही, पेपर, शाळेतलं भाषण, सगळ्यांनी काय ऐकवलं, १६ डिसेंबर, १६ डिसेंबर. डोक्यात एक मोठी तारीख असते, तिच्या बाजूला जे काही असेल ते हळूहळू सरकत तिला जाऊन चिकटतं. माझ्या सीनियरांपैकी एक जण तर ६५ आणि ७१ दोन्ही युद्धं एकाच हिवाळ्यात लढायचे, दुसऱ्या पेगनंतर. पण विमानाचा नंबर कधी चुकायचा नाही त्यांचा.

हे लक्षात घ्या, तारीख ही कॅलेंडरवरची वस्तू आहे, ड्यूटीवरच्या माणसाला तारीख नसते, शिफ्ट असते. आणि गंमत सांगू, श्रीनगरवाल्यांसाठी युद्ध १६ला संपलंच नव्हतं. पश्चिमेकडे गोळीबार थांबला १७ डिसेंबरला रात्री ८ वाजता. तुमच्या चुलतभावाला हे विचारा, मोबाइल न काढता.

बाबा खरंच तिथे होते का हे तपासायचं असेल, आणि तुमच्या मनात ते आलंय हे पत्रात दिसतंय, तर तारखेने तपासू नका. नॅट जवळून हाताळलेल्या माणसाला विचारायचे प्रश्न वेगळे असतात. विमान इतकं छोटं होतं की पंखांची लांबी सात मीटरच्या आत, बाजूला उभं राहिलं की कॉकपिट जवळजवळ डोळ्यांसमोर यायचं. दोन तोफा, ३० मिलिमीटरच्या, आणि त्या अडकायच्या, गोळ्यांचा पट्टा नीट बसवणं ही कला होती. डिसेंबरात श्रीनगरला पहाटे उघड्या हाताने धातूला हात लावला तर काय होतं ते विचारा. हातमोजे घालून छोटा स्क्रू कसा बसवायचा ते विचारा. जो तिथे नव्हता तो इथे अडखळतो, आणि जो होता तो तुम्हाला हात करून दाखवेल, हवेतच, जणू समोर पॅनेल आहे.

कागदच पाहिजे असेल तर घरात डिस्चार्ज बुक असतं, त्यात पोस्टिंग लिहिलेली असते. एअरमनचं रेकॉर्ड दिल्लीला सुब्रतो पार्कच्या एअरफोर्स रेकॉर्ड ऑफिसला असतं, नौसैनिकांचं मुंबईला मानखुर्दला, आणि अर्ज कसा करायचा हे नागपूरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारता येतं. पण बाबांच्या परवानगीशिवाय हे करू नका. माणसाच्या पाठीमागे त्याची साक्ष तपासायची नसते. आणि पुढच्या लग्नात चुलतभावालाच सांगा, काका, ते हातमोज्याचं सांगा ना.

एक वाचक, धंतोली : बिल्डिंगमधले एक काका सांगतात की आम्ही मिसाइल बोटी कलकत्त्याहून मुंबईला दोरी बांधून ओढत आणल्या. युद्धनौका आणि टो करून? आम्हाला वाटतं काका फेकतात.

नाही फेकत. त्या रशियाकडून घेतलेल्या ओसा जातीच्या बोटी. मोठ्या मालवाहू जहाजावर लादून आल्या, पण मुंबई बंदरात एवढं वजन उचलणारी क्रेन नव्हती, कलकत्त्याला होती, म्हणून तिकडे उतरवल्या आणि मग सगळा किनारा फिरून ओढत मुंबईला आणल्या. या बोटी मुळात किनाऱ्याच्या रक्षणासाठी, तेल थोडं आणि पल्ला कमी. पण ओढत एवढ्या लांब आणता येतात म्हटल्यावर त्या आपल्या किनाऱ्यापासून लांब नेऊन वापरण्याची कल्पना काही लोकांच्या डोक्यात पक्की झाली. मग ४ डिसेंबरच्या रात्री निर्घात, निपात आणि वीर या तीन बोटी, सोबत किल्तान आणि कछाल ही दोन जहाजं, कराचीकडे गेली, पाकिस्तानची खैबर ही विनाशिका आणि मुहाफिज ही सुरुंग काढणारी नौका बुडाली, आणि आपली एकही बोट गेली नाही. नौदल दिन ४ डिसेंबरला असतो तो याच्यासाठी. चार दिवसांनी विनाश नावाची एकटीच बोट पुन्हा गेली, तलवार आणि त्रिशूल सोबत, आणि कराचीच्या केमारीतल्या तेलाच्या टाक्या पेटल्या.

काकांना विचारा रशियन येतं का. या बोटींवरच्या लोकांना ट्रेनिंगला रशियात, पार व्लादिवोस्तोककडे, पाठवलं होतं, आधी भाषा शिका मग मिसाइल. आपले लोक उणे तापमानात रशियन बाराखडी घोकतायत हे डोळ्यांसमोर आणा. दोन-चार शब्द अजून असतील, एक-दोन शिव्या तर नक्की.

एक वाचक, महाल : आजीच्या पेटीत पणजोबांचा एक सहा टोकांचा तारा सापडला, काळा पडलाय. एअरफोर्समध्ये होते एवढंच माहीत आहे. आई म्हणते चिंच लावून चकचकीत करू.

चिंच नको, पितांबरी नको, काहीच नको. कोरड्या मऊ कापडाने धूळ पुसा आणि थांबा. घासलं की अक्षरं जातात, आणि अक्षरांतच सगळं आहे. दुसऱ्या महायुद्धाचे हे तारे ब्रिटिश सैनिकांना कोरे दिले होते, नाव नाही, नंबर नाही. भारतीयांच्या ताऱ्यांवर मात्र मागे नंबर, हुद्दा, नाव आणि कोणत्या दलात ते ठोकलेलं असतं. म्हणजे लंडनमधल्या कोणाच्या पणजोबाचा तारा कोणाचाही असू शकतो, तुमचा तुमचाच आहे. उजेड समोरून नको, तिरका पाडून वाचा, मोबाइलची टॉर्च बाजूने मारा.

पुढच्या बाजूला बर्मा स्टार लिहिलं असेल आणि रिबिनीचा तुकडा उरला असेल तर मधे रुंद लाल पट्टा, दोन्हीकडे गडद निळा आणि त्या निळ्याच्या मधे नारिंगी रेघ दिसेल. म्हणजे पणजोबा बर्माच्या आघाडीवर होते. तिकडे आपल्या एअरफोर्सची हरिकेन विमानं इंफाळकडे खाली खाली उडून जपानी सैन्य कुठे आहे ते बघून यायची, आणि विमानं म्हणजे मागे फिटर, आर्मरर, ड्रायव्हर, आचारी, सगळा गाव आला. पणजोबा यातले कोण होते ते हुद्द्यावरून कळेल. वाचता आलं की मला कळवा.

एक वाचक, इतवारी : माझे मोठे मामा ७१ला खुकरी या युद्धनौकेवर होते, परत आले नाहीत. आई तेव्हा शाळेत होती. आता तिला एकदा दीवला जायचंय, तिथे खुकरी ठेवली आहे असं कोणीतरी सांगितलं. तीच का ती? आणि दुसरं, मामांच्या सोबतच्या एका वाचलेल्या गृहस्थांचा पत्ता लागलाय. त्यांना विचारावं का की शेवटी काय झालं?

ताई, जायच्या आधी आईला हे सांगून ठेवा, तिथे गेल्यावर कळलं तर वाईट वाटेल. दीवला जे जहाज उभं आहे ते त्याच नावाचं दुसरं, नंतरचं, २०२१च्या डिसेंबरात निवृत्त झालेलं. मामांची खुकरी ९ डिसेंबर १९७१च्या रात्री पाकिस्तानच्या हंगोर या पाणबुडीच्या टॉर्पेडोने बुडाली, ती दीवच्या समोर समुद्राच्या तळाशी आहे. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाजासोबत गेले. किनाऱ्यावर टेकाडावर स्मारक आहे, काचेत जहाजाचं मॉडेल आहे, आणि तिथून समुद्र दिसतो. आईला तिकडे न्या. पायऱ्या आहेत, दुपारी नेऊ नका.

दुसऱ्या प्रश्नावर मी बराच वेळ अडलो होतो. पत्र लिहा, पण शेवटाचं विचारू नका. एक तर त्यांना माहीतच नसण्याची शक्यता जास्त. रात्र, अंधार, जहाज काही मिनिटांत गेलं, जो ज्या जिन्याजवळ होता त्याने तो धरला. वाचलेल्यांना दुसऱ्या दिवशी पाण्यातून काढलं, म्हणजे ती रात्र त्यांनी समुद्रात काढली. असा माणूस आणि त्याला आपण विचारायचं की माझे मामा कुठे होते, त्याला वाटणार तू कसा वाचलास हेच विचारतायत. माझ्या ओळखीच्या एकाला असंच पत्र आलं होतं, दुसऱ्या एका अपघाताबद्दल, त्याने उत्तर लिहायला सहा महिने घेतले आणि मग फक्त एवढंच लिहिलं की तुमचा भाऊ कॅरममध्ये चीटिंग करायचा. घरच्यांनी ते पत्र फ्रेम केलं.

म्हणून हे विचारा की मामा मेसमध्ये कसे होते. गाणं म्हणायचे का. घरून काही आलं की वाटायचे का एकटे खायचे. आईचा, म्हणजे धाकट्या बहिणीचा, विषय कधी काढायचे का. पुढचं त्यांना सांगावंसं वाटलं तर ते सांगतील. नाही उत्तर आलं तर दुसरं पत्र टाकू नका.

जागा संपत आली. रेकॉर्डिंग कसं करायचं हे तिघांनी विचारलंय म्हणून झटकन सांगतो. मोबाइल चालतो, वेगळं यंत्र नको. बॉयलर रूम आणि फ्लाइट लाइनवरची माणसं, यांचे कान गेलेले असतात, त्यातही एक कान जास्त, तर आधी हळूच बघा ते फोन कोणत्या कानाला लावतात आणि त्या बाजूला बसा. ओरडू नका, सावकाश बोला. ते थांबले की तुम्ही पण थांबा, मधली शांतता भरायला जाऊ नका. ते चुकीची तारीख बोलले तर वहीत लिहून ठेवा, तोंडाने नको. मेडल, फोटो, जुनं पे-बुक काहीतरी हातात द्या, हात बोलायला लागले की तोंड सुटतं. आणि हे काम डिसेंबर-जानेवारीतच उरका. मी माझ्या एका सीनियरचं तीन तासांचं रेकॉर्डिंग मे महिन्यात केलं होतं, सगळं सांगितलं हो त्यांनी, आज ऐकलं तर नुसता कूलर ऐकू येतो.